घरबसल्या कमाई: कुणाचं घर, कुणाची कमाई?

गेल्या काही वर्षांत महिला संस्थांकडे येणाऱ्या प्रकल्पांमध्ये एक शब्द हटकून दिसायला लागला आहे: 'डिजिटल उद्योजिका'. बायकांना मोबाईल शिकवा, ब्लॉग लिहायला शिकवा, वेबसाइट काढून द्या, यूट्यूबवर चॅनेल उघडून द्या, म्हणजे त्या घरबसल्या कमावत्या होतील, असा हा कार्यक्रम आहे. काम किती झालं हे मोजायचं कसं? तर किती ब्लॉग उघडले, किती चॅनेल सुरू झाली, किती जणींना प्रमाणपत्र दिलं, यावरून. वर्षभराने त्यातल्या किती जणींच्या हातात किती रुपये पडले, हा रकाना त्या तक्त्यात नसतो. असे तक्ते भरण्याचं काम माझ्यासारख्या कार्यकर्त्यांकडे असतं, म्हणून मला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे असं मी समजते.

माझा मुद्दा सुरुवातीलाच स्पष्ट करते. बायकांनी इंटरनेट वापरू नये, लिहू नये, असं मी म्हणत नाही. उलट लिहावंच. पण ब्लॉगवरच्या जाहिरातींतून मिळणाऱ्या पैशाला आपण 'रोजगार' म्हणतो, त्याला 'सक्षमीकरण' म्हणतो आणि त्यासाठी गरीब बायकांचा वेळ, श्रम आणि बचत खर्ची घालतो, याला माझा विरोध आहे. हे काम म्हणजे नगावर दिलेल्या घरकामाचाच नवा अवतार आहे. फरक एवढाच, की इथे नगाचा दरही आधी सांगत नाहीत.

आधी आकडेमोड

वेबसाइटवरून पैसे मिळवण्याचे ठळक मार्ग चार-पाचच आहेत. एक, जाहिरातींना जागा द्यायची. दोन, दुसऱ्याच्या मालाची शिफारस करायची आणि कुणी घेतला तर दलाली मिळवायची. तीन, एखाद्या कंपनीकडून पैसे किंवा वस्तू घेऊन तिचं कौतुक करायचं. चार, वाचकांकडून वर्गणी घ्यायची. पाच, आपला माल किंवा आपलं कौशल्य विकायचं. प्रशिक्षणांमध्ये भर असतो तो पहिल्या तीनवर. चौथ्या-पाचव्याबद्दल शेवटच्या सत्रात, चहाच्या वेळी, दोन वाक्यं सांगितली जातात.

पहिला मार्ग घेऊ. गूगलची अ‍ॅडसेन्स ही योजना २००३ साली सुरू झाली. जाहिरातदार जे पैसे मोजतो त्यातले साधारण ६८ टक्के वेबसाइटवाल्याकडे येतात, बाकीचे मधल्यामध्ये राहतात. ऐकायला वाटणी बरी वाटते. पण खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत. १०० डॉलर म्हणजे ढोबळमानाने नऊ हजार रुपये धरा. आता समजा, मराठी पान हजार वेळा उघडलं गेलं की तिला ३० रुपये मिळतात. हा दर मी हिशेबापुरता धरला आहे, खरा दर रोज बदलतो आणि तो कुणीही आधी लिहून देत नाही. या हिशेबाने नऊ हजार रुपये व्हायला पान तीन लाख वेळा उघडलं गेलं पाहिजे. रोज हजार वेळा उघडलं गेलं तर ३०० दिवस लागतील. रोज हजार वाचक! आपल्यापैकी किती नियतकालिकांना एवढे वाचक आहेत, ते आपलं आपणच मनाशी म्हणावं.

त्यासाठी ती रोज तीन तास देते असं धरलं तर ३०० दिवसांचे ९०० तास झाले. तासाला दहा रुपये. यात मोबाईलचं रिचार्ज, वेबसाइटच्या नावाचं आणि जागेचं वार्षिक भाडं धरलेलं नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होती, म्हणजे आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३७ रुपये. ती मजुरी तुटपुंजी आहे म्हणून आपण मोर्चे काढले. मग तासाला दहा रुपयांचं स्वागत आपण फीत कापून का करतो?

यूट्यूबचं गणितही असंच आहे. जाहिरातीच्या पूर्ण वाटणीसाठी चॅनेलला एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेल्याची अट २०१८ सालापासून आहे. लांबीच्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के त्यानंतर तिला मिळतात. ती अट पुरी होईपर्यंतचं काय? नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत आणि २०२१ साली इतर देशांत यूट्यूबने अटी बदलल्या आणि वाटणीत न घेतलेल्या लहान चॅनेलांवरही जाहिराती दाखवण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. त्या जाहिरातींचा पैसा यूट्यूबचा, बाईला त्यातलं काही नाही. म्हणजे उमेदवारीच्या काळात पूर्ण राबायचं आणि त्या श्रमाचं उत्पन्न मालकाने ठेवायचं. कुठल्याही कारखान्यात असं घडलं असतं तर आपण दारात बसलो असतो.

प्रशिक्षणात 'मधुराज रेसिपी' आणि 'आपली आजी' ही नावं हमखास घेतली जातात. त्या बायकांनी जे कमावलं ते त्यांच्या कष्टाचं आणि कसबाचं आहे, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण हजार जणींच्या वर्गासमोर एकीचं यश ठेवणं म्हणजे लॉटरीच्या दुकानावर बक्षीस मिळालेल्याचा फोटो लावण्यासारखं आहे. फोटो खरा असतो. त्यावरून तिकीट घेणाऱ्याचा फायदा सिद्ध होत नाही.

कुणाचा वाचक महाग, कुणाचा स्वस्त

हा दर इतका कमी का, हे समजून घेतलं पाहिजे, कारण राजकारण तिथेच आहे. जाहिरातदार मजकुराला पैसे देत नाही, तो वाचकाच्या खिशाला पैसे देतो. पान उघडताक्षणी आत एक लिलाव होतो. समोरचा वाचक कुठे राहतो, काय खरेदी करू शकतो, यावर बोली लागते. अमेरिकेतल्या इंग्रजी वाचकासाठी बोली चढी लागते. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या डोळ्यांसाठी बोली लावायला कोण येणार? अ‍ॅडसेन्सने हिंदीला २०१४ साली दारात घेतलं, मराठीला २०१८ साली. भाषा उशिरा आली, तीही स्वस्त माल म्हणून.

याचा परिणाम लिहिण्यावर होतो. सातबारावर बायकोचं नाव कसं लावायचं, हे सांगणारं पान गरजेचं आहे, पण त्याचा वाचक गरीब. सदनिकेचं कर्ज किंवा सोन्याचे दागिने यावरचं पान विकलं जातं. मग 'कशावर लिहू?' या प्रश्नाचं उत्तर बाजार देतो. त्यातून चेहरा उजळवण्याचे दहा उपाय, सासूला खूश ठेवणाऱ्या पाककृती, हळदीकुंकवाची सजावट, उपवासाचे नियम असं सगळं येतं. ज्या संसारचित्रातून बाहेर पडायला आपण बायकांना हात दिला, तेच चित्र रोज नव्याने काढणं हाच तिचा रोजगार ठरतो. दुसरीकडे कौटुंबिक हिंसा, लैंगिक अत्याचार, गर्भपात हे विषय यूट्यूबच्या जाहिरात-नियमांत 'वादग्रस्त' या सदराखाली गणले गेले आणि अशा मजकुरावरच्या जाहिरातींना बराच काळ कात्री लागत राहिली. आपल्या आयुष्याचे प्रश्न जाहिरातदाराला अडचणीचे वाटतात, हे यातून कळतं.

जाहिरात कोणती लागेल, हेही यंत्र ठरवतं. हुंड्याविरुद्धच्या लेखाखाली पत्रिका जुळवून देणाऱ्याची जाहिरात येऊ शकते. ज्योतिष, वजन घटवणं, सौंदर्य-शस्त्रक्रिया असे काही वर्ग आपल्या पानावर नकोत म्हणून बंद करण्याची सोय अ‍ॅडसेन्समध्ये आहे. 'झटपट श्रीमंती' असाही एक वर्ग त्या यादीत आहे. पण जेवढे वर्ग बंद कराल, तेवढी बोली लावणारी गिऱ्हाइकं कमी होतील. तत्त्व पाळायचं तर पदरचं उत्पन्न सोडायचं, असा तो सौदा आहे.

विड्या वळणाऱ्या बायकांनी काय शिकवलं

सोलापूरच्या विडी कामगार बायका आठवून पाहा. पानं, तंबाखू, दोरा कारखान्याचा. जागा बाईची, दिवा बाईचा, हात बाईचे आणि बरोबरीला पोरींचेही. हजार विड्यांमागे मजुरी आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे बुडीत. मालक म्हणायचा, या माझ्या कामगार नाहीतच, त्या घरी बसून सवडीने करतात.

१९६६ साली बिडी व सिगार कामगार कायदा झाला आणि घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगार ठरली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७६ साली विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आता तुलना करा. ब्लॉग लिहिणारी बाई जागा, वीज, मोबाईल, वेळ सगळं स्वतःचं घालते. विड्यांसाठी निदान पानं आणि तंबाखू मालक देत होता, इथे कच्चा मालही तिचाच आहे: तिची पाककृती, तिचं बाळंतपण, तिच्या आजीची ओवी, तिचं तोंड. 'मजकूर कमी मोलाचा' असं कारण देऊन कंपनी तिचा अर्ज परत करू शकते. कारण नीट कळत नाही, दाद मागायला माणूस सापडत नाही. आणि मालकाचं म्हणणं तेच: या आमच्या कामगार नाहीत, या 'भागीदार' आहेत, सवडीने करतात.

बाजार उठण्याचा धोकाही तिचाच. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदीची कारणं काय ती असोत, पण खेड्यापाड्यांतल्या, दलित, आदिवासी, कष्टकरी घरांतल्या बायकांनी तिथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. नुकसानभरपाई हा शब्दही कुणी काढला नाही. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलवर काही शोधलं की पुष्कळदा वरच यंत्राने तयार केलेलं उत्तर येतं. ते उत्तर ज्या पानांवरून घेतलं त्या पानांपर्यंत वाचक गेलाच नाही, तर जाहिरात कुणाला दिसणार? आज ज्या धंद्याचं प्रशिक्षण आपण देतो आहोत त्याच्या पायाखालची जमीन अशी सरकते आहे, आणि आपल्या हस्तपुस्तिकेत मात्र जुनंच गणित छापलेलं आहे.

'सवड' नावाची थाप

'घरची कामं सांभाळून फावल्या वेळात' हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं. फावला वेळ कुणाचा? केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनमोल घरकामात घालवतात असं आढळलं. घरकामाला हात लावणारे जे पुरुष होते, त्यांची सरासरी ८८ मिनिटं. त्या २८९ मिनिटांना कुणी हात लावत नाही. नवं काम झोपेतून काढलं जातं. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंनी मला साधा हिशेब सांगितला. सगळी निजल्यावर रात्री अकराला त्या व्हिडिओ जुळवायला बसतात, एक वाजता आडव्या होतात, पाचला पाणी येतं म्हणून उठतात. 'घरबसल्या' या शब्दातलं 'बसल्या' काढून टाकलं पाहिजे.

आणि 'घर' या शब्दाचंही कौतुक पुरे झालं. बाईने उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता पैसे आणावेत, ही सोय नेमकी कुणाची? एस.टी.चा प्रवास, सोबतच्या बायका, जेवणाच्या सुट्टीत उघड झालेली दुःखं, त्यातून उभी राहिलेली संघटना, हे सगळं कामाच्या जागी घडत आलं. घरात एकटी मोबाईलसमोर बसलेली बाई कमावतही असेल, पण तिला शेजारच्या कमावत्या बाईचा दर माहीत नसतो. ज्यांना एकमेकींचा दर माहीत नाही, त्या भाव ठरवू शकत नाहीत.

खातं कुणाचं, पिन कुणाच्या हातात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा असेल तर गूगलचं खातंही त्याचंच असतं. पैसे ज्या बँक खात्यात येतात त्यावरचं नाव, पॅन कार्ड, ओटीपी जाणारा नंबर, हे सगळं कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला विचारला पाहिजे. अ‍ॅडसेन्स खात्यात ठरावीक रक्कम जमली की पत्ता तपासण्यासाठी एक पिन टपालाने घरी येतो. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या, माहेरी-मावशीकडे दिवस काढणाऱ्या बाईने कुठला पत्ता द्यायचा? सासरच्या घरी आलेलं पाकीट तिच्या हातात कोण देणार?

कायदा तिच्या बाजूने आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे हिंदू स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तिने स्वतःसाठी लिहिलेल्या मजकुराची पहिली मालकीणही तीच. पण आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या भांडणांत हल्ली एक नवी तऱ्हा दिसते: 'चॅनेल माझं आहे, पासवर्ड त्यांच्याकडे आहे.' दागिने लॉकरमध्ये आणि किल्ली सासूकडे, हीच गोष्ट आहे.

तिसऱ्या मार्गाबद्दल तर धोक्याचा इशाराच द्यायला हवा. कंपनी एक डबा पावडर फुकट पाठवते आणि 'वजन उतरलं असं सांगा' म्हणते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्या व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं तरच सुटका. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचं ठळकपणे सांगितलं पाहिजे, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेने २०२१ साली केले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तशाच सूचना काढल्या. किती प्रशिक्षणांत हे सांगतात? डबा दोन-चारशेचा आणि जोखीम लाखांची.

याच स्वप्नाच्या सावलीत उघड फसवणूकही चालते. 'व्हिडिओ लाईक करा, प्रत्येक लाईकचे पैसे मिळवा' असा निरोप येतो. पहिल्या दिवशी शंभर-दीडशे रुपये खरंच जमा होतात. मग 'मोठ्या कामासाठी' आधी पैसे भरायला सांगतात आणि ते बुडतात. असं झालं तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करायची, हे प्रत्येक गटात पाठ झालं पाहिजे.

कमावतं कोण?

जत्रेत देव पावो न पावो, नारळवाल्याचा गल्ला भरतोच. ब्लॉगमधून कमाई कशी करावी हे शिकवणारे वर्ग, वेबसाइट बांधून देणारे, 'पॅकेज' विकणारे यांचं उत्पन्न पक्कं आहे. आमच्या भागातल्या बारा जणींच्या एका बचत गटापुढे सध्या असंच पॅकेज आलं आहे. अठरा हजार रुपये द्या, आम्ही वेबसाइट काढून देतो, जाहिरातींचे पैसे आपोआप येतील. ते अठरा हजार म्हणजे गटाची अंतर्गत बचत. त्यातून एकीचं आजारपण निघतं, एकीच्या मुलीची फी भरली जाते. मी करारपत्र मागून वाचलं. वेबसाइटचं नाव विक्रेत्याच्याच नावावर नोंदवलं जाणार होतं. दुसऱ्या वर्षी पैसे भरले नाहीत तर नाव त्याचं, मजकूरही त्याच्याच हाती. उत्पन्नाबद्दल एक ओळ नव्हती. गटाने अजून निर्णय घेतलेला नाही. माझं मत मी त्यांना सांगितलं आहे: हे पैसे देऊ नका.

'पण काहीच नसण्यापेक्षा बरं ना?'

हा आक्षेप मला माझ्याच सहकारी मैत्रिणी घेतात आणि तो गंभीर आहे. तुला महिन्याला पगार मिळतो, म्हणून तुला दोन हजारांची किंमत नाही, असं एकीने सुनावलं. तिचं म्हणणं मी टाळत नाही. घराबाहेर पडायची बंदी असलेल्या, अपंग असलेल्या, आजारी माणसाला सोडून जाता न येणाऱ्या बाईला घरातून मिळणारे दोन हजारही मोलाचे आहेत. पण म्हणूनच ते दोन हजार खरंच मिळतात का, किती दिवसांनी, किती तासांनी, हे तिला आधी सांगणं आपलं कर्तव्य आहे. तेच तास शिलाईला, डब्याला, शिकवणीला दिले तर काय मिळेल, हे शेजारी मांडून तिला निवड करू दे. माहिती लपवून दिलेली निवड ही निवड नसते.

दुसरं म्हणणं असं, की ब्लॉगने बायकांना आवाज दिला. मान्य. पण आवाज आणि रोजी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. 'स्त्री' १९३० साली निघालं, 'बायजा' १९७७ साली, 'मिळून साऱ्याजणी' १९८९ साली. तिथे लिहिणाऱ्या बायकांना कुणी 'लिही म्हणजे श्रीमंत होशील' असं सांगितलं नव्हतं. म्हणायचं होतं म्हणून त्यांनी लिहिलं. लिहिण्यासाठी जरूर ब्लॉग काढा. फक्त त्याला रोजगार योजनेच्या रकान्यात टाकू नका.

मग करायचं काय?

मघाच्या यादीतल्या चौथ्या आणि पाचव्या मार्गाकडे वळू या. इंटरनेट हे दुकानाची पाटी म्हणून वापरलं तर बायकांच्या उपयोगाचं आहे. माल आपला, भाव आपला, गिऱ्हाईक आपलं. पापड, गोधड्या, दिवाळीचा फराळ, भाषांतर, मुद्रितशोधन, शिकवणी, जे काही करता येतं त्याची माहिती, दर आणि फोन नंबर एका साध्या पानावर टाकायचा आणि पैसे थेट स्वतःच्या खात्यात घ्यायचे. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्यायची. इथे हजार वाचक लागत नाहीत. तीस पक्की गिऱ्हाइकं पुरतात. जाहिरातच घ्यायची तर गावातल्या पुस्तकाच्या दुकानाची, दवाखान्याची थेट घ्यावी. दर आपण सांगावा आणि नको ती जाहिरात तोंडावर नाकारावी.

आणि हे एकटीने करू नये. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी मुंबईतल्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली ग्रामीण, दलित बायकांनी 'खबर लहरिया' सुरू केलं आणि पुढे तेच इंटरनेटवर नेलं. या तिन्ही ठिकाणी बायका एकत्र होत्या आणि आपण काय करतो आहोत यावर त्यांचा ताबा होता. दहा बायकांचे दहा उपाशी ब्लॉग काढण्यापेक्षा दहा जणींचं एक पान काढा. लिहिणारी, हिशेब ठेवणारी, माल पोचवणारी वेगळी, आणि वाटणी ठरलेली, वहीत लिहिलेली.

संस्थांसाठी माझ्या ठोस मागण्या अशा आहेत:

१. प्रशिक्षणाआधी तासाच्या हिशेबाने उत्पन्नाची आकडेमोड फळ्यावर मांडा.

२. वेबसाइटचं नाव, खातं, पासवर्ड, बँक, सगळं बाईच्या किंवा गटाच्या नावावर असल्याशिवाय एक पानही उघडून देऊ नका. मजकुराची प्रत स्वतःकडे ठेवायला शिकवा.

३. गटाची बचत कुठल्याही 'पॅकेज'मध्ये घालण्याआधी करारपत्र गटात मोठ्याने वाचा.

४. वर्षभराने प्रत्येकीला विचारा, हातात किती आले आणि झोप किती गेली. हा आकडा अहवालात छापा, तो लाजिरवाणा असला तरी.

५. देणगीदार 'किती ब्लॉग' विचारत असेल तर त्याला 'किती रुपये' हा रकाना घालायला सांगा. घालत नसेल तर तो प्रकल्प घेऊ नका.

आणि सरकारकडे एक मागणी. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांचा उल्लेख आहे. त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद आहे, मात्र कामगारांना दिलेल्या वा देय असलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांची तिला मर्यादा आहे. ज्या व्यवसायांना ती लागू होते त्यांच्या सातव्या परिशिष्टातल्या यादीत गाडी आणि जेवण पोचवणाऱ्यांबरोबर 'मजकूर व माध्यम सेवा' हेही शब्द आहेत. चर्चा फक्त डिलिव्हरी करणाऱ्या मुलांची होते, आणि ती झालीच पाहिजे. पण रात्री अकरा ते एक घरात बसून कंपन्यांसाठी मजकूर तयार करणारी बाईही या यादीत बसते, हे आपण बोललो नाही तर कोण बोलणार? तिची नोंदणी, तिला विमा, बाळंतपणाचा आधार, आणि जाहिरातीचे पैसे का अडवले याचं लेखी कारण मिळवण्याचा हक्क, एवढं तरी मागू या.

विडी वळणारीला 'कामगार' हा शब्द मिळवून द्यायला संघटना लागली, मोर्चे लागले, कोर्ट लागलं. तो शब्द कुणी आपण होऊन दिला नव्हता. ब्लॉग लिहिणाऱ्या बाईला आज 'उद्योजिका' म्हणून गौरवतात, कारण उद्योजिकेला मजुरी द्यावी लागत नाही. येत्या शिबिरात, येत्या बैठकीत हा विषय घ्या. आपापल्या गटातल्या बायकांचे खरे आकडे जमवा आणि एकमेकींना दाखवा. संघटनेची सुरुवात आजवर अशीच होत आली आहे: एकमेकींना आपला दर सांगण्यापासून.